गोऱ्या साहेबाचा अडकित्ता

लढाई संपल्यावर सांगलीच्या बाजारात पलटणीचं जुनं सामान विकायला यायचं. त्यातून सासऱ्यांनी हातभर लांबीचा एक लोखंडी चिमटा आणला. त्याला धार नव्हती, पण जबडा असा की बोट सापडलं तर गेलंच. तो कशाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ‘ठाऊक न्हाई’ म्हणायची आमच्या पुरुषांना सवय नव्हती.

“गोऱ्या सायबाचा अडकित्ता हाय,” सासऱ्यांनी सांगून टाकलं. झालं! सोप्यावर बसणाऱ्या सगळ्यांची सुपारी मी, नवी सून, रोज त्यानं फोडायची. चुरा झकास व्हायचा.

दिवाळीत फौजेतले धाकटे दीर रजेवर आले. चिमटा बघून त्यांना हसू आवरेना. “आवं आबा, आमच्याकडं जनावरांच्या दवाखान्यात ह्येनं खोंडं खच्ची करत्यात!”

आमच्या गावात ते काम दगडानं ठेचून व्हायचं; हत्यार ओळखणार कोण? सोप्यावरच्या सगळ्यांनी आधी मांड्या आवळल्या, मग सुपारी थुंकायला अंगणात धावले.

चिमटा मी गुपचूप माजघरात खुंटीला टांगला. पुढं कधी नवऱ्याचा आवाज चढला, की मी तो काढायची आणि पदरानं पुसत बसायची.