मशीन अडकलं नव्हतं

“मशीन अडकलं,” असं मी मालकांना सांगितलं होतं. मशीन अडकलं नव्हतं. चूक माझ्या हातून झाली होती, आणि भोगली भाऊंनी.

भाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. धंतोलीतल्या दवाखान्यांना आणि दुकानांना इंटरनेट देणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीत आम्ही दोघं शेजारी बसायचो. कीबोर्डवर ओळ टाइप झाली की एंटर दाबण्याआधी ते दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत. मग ओळ मोठ्यानं वाचत आणि माझ्याकडे बघत. मी “ऐकलं, दाबा” म्हटलं की मगच एंटर. टाइप करणारा मी असलो, तर ऐकणारे ते. “वाच गा. मनात नको, मोठ्यानं.”

त्यांचे वडील खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. तिथं स्विच फिरवण्याआधी हुकूम बोलायचा आणि समोरच्यानं तो ऐकल्याचं सांगायचं, अशी शिस्त. भाऊंनी ती आमच्या खोलीत आणली. चहावाल्यालाही सुटका नव्हती. “तीन कट, एक बिनसाखरेचा. आता तू म्हण.” तो बिचारा म्हणायचा.

आमच्या कंपनीला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारा राउटर भाऊंनी स्वतः बांधला होता. साधा सर्व्हर, त्यावर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, बाहेर दोन मोठ्या कंपन्यांच्या लाइन. जगातल्या कुठल्या इंटरनेट-पत्त्याकडे कुठल्या वाटेनं जायचं, याची लाखो ओळींची अख्खी यादी तो पोटात बाळगून असे. कुणी विचारलं, “कोणत्या कंपनीचा?” की भाऊ म्हणत, “खापरखेडा मेक.” दर शनिवारी ब्रश घेऊन ते त्याचा पंखा साफ करत. “राख झाडाची सवय आहे आमाले.”

अशा दारावरच्या राउटरला एक फिल्टर लागतो. बाहेर फक्त आपले पत्ते सांगायचे. एका कंपनीकडून ऐकलेलं दुसरीला सांगायचं नाही. तो नसला तर आपण मोठ्या कंपनीला सांगून बसतो की सगळ्या जगाची वाट आमच्या घरातून जाते. आणि ती बिचारी विश्वास ठेवते.

त्या दिवशी भाऊ कामासाठी काटोलला गेले होते. एका नव्या दवाखान्याचे पत्ते जोडायचे होते. “मी आलो की करू,” असं ते सांगून गेले होते. पण मालकांनी नुकतंच मला विभागप्रमुख केलं होतं, आणि हे एवढंसं काम मला एकट्याला जमतं हे मला दाखवायचं होतं. आपल्या पत्त्यांची जुनी यादी बदलताना मी एका बाजूचा फिल्टर काढला आणि परत लावायला विसरलो. हात मांडीवर ठेवले नाहीत. वाचलं नाही. एंटर दाबला.

दोन-तीन मिनिटांत कुठल्या कुठल्या गावांची वर्दळ आमच्या एवढ्याशा वाटेवर लोटली आणि सगळं ठप्प झालं. दवाखान्यांचे फोन सुरू झाले. स्कॅन पुढं जाईनात. काटोलहून भाऊंचा फोन आला.

“काय बदललं गा?”

“काही नाही, भाऊ.”

“फिल्टर पाहून घे बरं.”

मी गुपचूप ओळ परत लावली. तरी सगळं सुरळीत व्हायला तासभर गेला. तेवढ्यात मालक आले. “काय झालं?” आणि मी ते दोन शब्द बोललो. मालकांनी बिनलेबलाच्या त्या सर्व्हरकडे पाहिलं. “तरी मी म्हणून राहिलो होतो, हा जुगाड एक दिवस दगा देईन.” वास्तविक लेबलवाल्या महागड्या मशीननंही तेच केलं असतं. मशीन सांगितलेलं ऐकतं.

संध्याकाळी भाऊ बसमधून उतरून थेट खोलीत आले. प्रत्येक बदल कुणी, कधी केला, याची नोंद राउटरमध्ये राहते. त्यांनी ती उघडली. माझ्या नावाशी थांबले. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिले. आज कळतं, मी वाचावं म्हणून ते थांबले होते.

मी म्हटलं, “चहा सांगू का?”

“सांग,” ते म्हणाले.

महिन्याभरात नवं मशीन आलं. त्यावर सगळे फिल्टर भाऊंनीच चढवले, एकेक ओळ वाचून. “ऐकलं, दाबा” म्हणताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मग त्यांनी आपला सर्व्हर टॉवेलात गुंडाळला, घरी नेला, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडली.

तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल, जो भांडत नाही म्हणून आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. मला चार वर्षं तसंच वाटत होतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीतून मालकांना फोन आला. त्यांना भाऊंकडून असाच राउटर बांधून घ्यायचा होता, म्हणून चौकशी चालली होती. मालक माझ्यासमोर म्हणाले, “माणूस चांगला आहे हो. पण त्याच्या डब्यानं एकदा आमचं सगळं बंद पाडलं होतं.”

त्या रविवारी मी खापरखेड्याला भाऊंच्या घरी गेलो. भाऊ ओट्यावर बसले होते. केस पुष्कळ पिकले होते.

“अरे! काहून आला गा इतक्या लांब?”

मी सगळं सांगितलं.

“मले काहून सांगून राहिला? मले त त्याच दिवशी समजलं होतं. ज्याले सांगाचं त्याले सांग.”

मी मोबाइल काढला आणि मालकांना पाठवायचा मजकूर तिथंच बसून लिहिला.

“वाच,” भाऊ म्हणाले. “मोठ्यानं.”

मी वाचलं. त्या दिवशी मशीनमध्ये बिघाड नव्हता, फिल्टर निघाला होता, भाऊंचा दोष नव्हता, त्या कंपनीलाही हे कळवावं.

“फिल्टर निघाला होता. आपल्या पायानं चालत गेला काय तो?”

मी लिहिलं: फिल्टर मी काढला होता, आणि तुम्हाला खोटं सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“ऐकलं. दाब.”

मी दाबलं. मग मोबाइल बाजूला ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

“भाऊ, माझं चुकलं. मला माफ करा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“ऐकलं,” ते म्हणाले.