पळसपापडीचा फॉल-इन

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. कुठं पहिली वेलांटी आणि कुठं दुसरी, हे मला अजून कळत नाही, आणि अक्षर कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. कधी कोणाच्या हाती पडलं तर त्यानं सावकाश वाचावं.

मी वीसेक वर्षं होमगार्ड होते. भरती झाले तेव्हा चौथी पास चालत होतं. लोक आम्हाला अर्धे पोलीस म्हणतात. आमच्या कागदावर मात्र सैनिक असं लिहिलेलं असतं, म्हणून मीही सैनिकच लिहीन. गणपती, दुर्गा, निवडणूक, यात्रा, जिथं पाठवलं तिथं उभी राहिले. मुर्रीहून सायकलनं गोंदियाला परेडला जायचे. कधी गैरहजर राहिले नाही आणि कधी उलट बोलले नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी आमचा कॅम्प लागला. केशोरीच्या पुढं जंगलाकडं एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांना अजून तिथंच राहायचं आहे. बंद पडलेल्या धानाच्या गिरणीच्या शेडमध्ये आमची राहण्याची सोय होती. सकाळी सहाला फॉल-इन, म्हणजे लाइनीत उभं राहणं, मग पीटी, डबल मार्च, लाठी ड्रिल. दुपारी खिचडी. संध्याकाळी रोल कॉल. ग्राउंड म्हणजे गिरणीमागचं धानाचं पडीक बांधाड, घोट्यापर्यंत चिखल.

आमचे प्लाटून कमांडर रहांगडाले सर. परेडच्या वेळी त्यांचा आवाज फार चांगला लागायचा. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे.

माझ्या शेजारी लाइनीत कुंदा मेश्राम उभी राहायची. ती त्याच गावची. नवरा वारलेला, एक लहान पोरगी, आई. रोवणीच्या दिवसांत ती दिवसभर अनवाणी धानाच्या बांधीत, चिखलात असायची. तळपायाला खाज, चढण चढली की धाप, हसली की हिरड्या पांढऱ्या दिसायच्या. कच्चे तांदूळ मूठ मूठ खायची. मी हटकलं तर म्हणायची, "माह्या पोटात माही वेगळी पलटन हाय वो शेवंताबाई. पाहटे आपल्या आधी तिचा फॉल-इन होते."

तिच्या पायात ड्युटीचे बूट एक माप मोठे होते. लेस घोट्याभोवती दोनदा गुंडाळून बांधायची.

पोळा झाला की इन्स्पेक्शन होतं. डबल मार्चला आमच्यातल्या तीन-चार बाया रोज बसून जायच्या. पोटं दुखायची. सर ओरडायचे, "ये फौज आहे का दवाखाना?" मग त्यांना कोणीतरी सुगनाबाईचं नाव सांगितलं.

सुगनाबाई मडावी गावाबाहेरच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, एकटी राहायची. त्या भागातल्या पोराबाळांचे जंत तीच काढायची. सरांनी तिला ग्राउंडवर बोलावलं. खुर्ची दिली, ती खाली बसली. आम्ही विश्राममध्ये उभ्या होतो. तिनं सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं.

"परसाच्या बिया भिजवाच्या, साल काढाची, वाळवून कुटाची," ती म्हणाली. आमच्याकडं पळसाला परस म्हणतात, आणि या बिया म्हणजेच पळसपापडी. "चिमटीभर भुकटी गुळात. तीन दिवस, सकाळी. चवथ्या दिवशी एरंडेल, अन् त्या दिवशी पडून राहाचं. लहान लेकरू असन तं परस नोको, वावडिंग दुधात उकळून. ज्याले ताप हाय त्याले काहीच नोको. पोटुशीले नोको. हगवण लागली असन तं नोको. अन् सिस्टरची गोळी भेटत असन तं तेच घ्या, मले कायले बोलावता?"

"सिस्टर पोळ्यानंतर येणार आहे," सर म्हणाले. "तोपर्यंत इन्स्पेक्शन होऊन जाते."

"मंग पोळ्यानंतर घ्या."

"आजी, आम्ही डिसिप्लिनवाले लोक. तुमचं तीन दिवसाचं काम आम्ही एका दिवसात उरकतो."

"जंताले तुही डिसिप्लिन समजते का गा?"

लाइनीत हसू फुटलं. सरांचे कान लाल झाले. सुगनाबाईनं आमच्या पायांकडं पाहिलं. पीटीला बूट चिखलात खराब होतात म्हणून सरांनी ते काढून ठेवायला लावले होते. ती म्हणाली, "या बायायले आधी चपला घालू दे. जेवाच्या आधी हात धुवा, नखं कापा. पोटातले म्या काढीन. पायातून रोज नवे घुसून राहिले, त्याचं का करू?"

कुटलेल्या बियांची पुडी देऊन ती निघून गेली. पैसे तिनं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फॉल-इनला लाइनीसमोर चुलीवर पातेलं होतं. सरांनी तीन दिवसांची सगळी भुकटी एकदमच उकळायला लावली होती. गूळ नव्हता. प्रत्येकीच्या हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ. मग ड्रिलसारखी नंबरावर ऑर्डर.

"एक! ग्लास उचल. दो! एका दमात पी. तीन! उलटा करून दाखव."

कुंदाला आदल्या संध्याकाळपासून थंडी वाजत होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि तो चुलीसारखा तापला होता.

"सर," ती म्हणाली, "मले ताप हाय. आजीनं तापात नोको म्हणलं."

"ताप कोणाले नाही इथं? लाइन तोडू नको."

"सर, खरंच हाय."

"मेश्राम! दो!"

ती प्यायली. आम्ही सगळ्या प्यायलो. तोंडात कडू लाळ सुटली. लगेच डबल मार्चची ऑर्डर आली. पहिल्या फेरीतच बाया बांधाच्या कडेला ओकायला बसल्या. कुंदा दुसऱ्या फेरीत पडली. तिला शेडमध्ये आणून निजवलं. तिला ओकाऱ्या आणि जुलाब दोन्ही लागले. मी दोनदा सरांकडं जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले, "जंत पडून राहिले, पडू दे." दुसऱ्यांदा म्हणाले, "नाटक आहे." दुपारी तिचे डोळे फिरले तेव्हा धानाच्या पिकअपमध्ये घालून तिला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंदा गेली.

डॉक्टर तरुण होता. तिच्या आईनं, लक्षीबाईनं, त्याला विचारलं, "औषधानं मेली का जी?" तो म्हणाला, "रक्तात मलेरिया आधीपासून होता. त्यात अंगातलं सगळं पाणी गेलं आणि किडनी बंद पडली. तापात हे पाजायला नको होतं." लक्षीबाईच्या कानात त्यातलं किती गेलं मला माहीत नाही.

गावात मात्र सरांचा आवाज आधी पोचला. म्हातारीचं औषध जहर निघालं, असं ते मयतीतच चार जणांना म्हणाले. मी मागं उभी होते. पोळ्यापर्यंत त्या बोलण्याला फाटे फुटले. जहर गेलं आणि करणी आली. म्हातारीनं खाकीवाल्या पोरीवर करणी केली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं नारबोद निघते. कागदाकपड्याची बाई करून सकाळी गावातून मिरवतात आणि शिवेबाहेर नेऊन जाळतात. माशा, मुरकुट, खासी, खोकला, सारी रोगराई घेऊन जा गे नारबोद, असं ओरडत पोरं पुढं धावतात. आम्हाला बंदोबस्त लागला. माझा पॉइंट टोल्याच्या वळणावर होता. वळणावरून सुगनाबाईचं घर दिसत होतं. दाराला पोळ्याचा मेढा, म्हणजे पळसाची फांदी, खोचलेला होता.

नारबोद शिवेकडं सरळ जायला हवी होती. ती टोल्याकडं वळली. ओरडण्यातली रोगराई संपली होती. आता म्हातारीचं नाव होतं.

मी सरांना फोन लावला.

"सर, टोल्याचा पॉइंट. मिरवणूक इकडं वळली."

"किती माणसं?"

"पन्नासच्या वर. हातात काठ्या, रॉकेल."

"पॉइंट सोड. मेन रोडवर ये."

"सर, म्हातारी घरात एकटी आहे."

"समजलं नाही का तुले? मेन रोड. ऑर्डर आहे."

मी फोन बंद केला. इतक्या वर्षांत मोडलेली ती माझी पहिली ऑर्डर. सुगनाबाईच्या दारात जाऊन उभी राहिले आणि शिकवली तशी लाठी दोन्ही हातांत आडवी धरली.

पुढं पक्या होता. गावातल्या पतिरामचा मोठा पोरगा, नारबोद त्याच्याच खांद्यावर.

"हट वो बाई," तो म्हणाला. "तुहीच जोडीदारीन मेली, अन् तूच तिची राखण करून राहिली? लाज वाटत नाही का?"

मला बोलायचं होतं. तोंडातून फक्त "मागं व्हा" निघालं, तेही इतकं हळू की पुढच्या दोघांनाच ऐकू गेलं असेल. मातीचा एक ढेला येऊन कोपरावर बसला. हात बधिर झाला.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, अंधाऱ्या घरातून आवाज आला.

"कोन व्हय तो? पक्या का? लय मोठा झाला गा! तुह्या नाकातून जंत लोंबून राहिला होता तवा तुही माय याच उंबऱ्यावर बोंबलत बसली होती. म्याच धरून ओढला. वीतभर होता."

कोणीतरी खिदळलं.

"अन् तो मांगं लपून राहिला तो? किराणावाल्याचा ना? तुले तं रातभर बुडाची खाज सुटे. माकडावानी भिताडाले घासत जाय. या, सारे या! तुमच्या सगळ्यायच्या पोटातलं पाहून बसली हो म्या."

आता बरेच जण हसले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मलाही हसू आलं, लाठी हातात असताना. पण ज्याच्यावर हसतात तो जास्त चवताळतो. पक्यानं नारबोद खाली टेकवली, तिच्यावर रॉकेल ओतलं आणि ती छपराला टेकवून उभी केली. खिशातून काडीपेटी काढली. हसणं थांबलं.

गर्दीच्या मागं लक्षीबाई उभी होती. कुंदाची पोरगी तिच्या कडेवर होती. मी पक्याकडं पाहिलंच नाही. मी तिच्याकडं पाहून बोलले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"लक्षीबाई, म्हातारीनं ग्राउंडवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तापात देऊ नका. कुंदानं लाइनीत सांगितलं, मला ताप आहे. मी तिच्या शेजारी होते. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता."

"मंग कोनं पाजलं?"

"रहांगडाले सरांनी. ऑर्डर देऊन."

लक्षीबाईनं पोरगी खाली ठेवली. माणसं बाजूला झाली. ती सरळ चालत आली आणि पक्याच्या हातातली काडीपेटी घेतली.

"दे इकडं. माही पोरगी मेली, तुही नाही."

तिनं सुगनाबाईकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. काडीपेटी कमरेला खोचली, मागं जाऊन पोरीचा हात धरला आणि निघून गेली. थोड्या वेळानं कोणीतरी नारबोद उचलली. ती शिवेबाहेर नेऊन जाळली, पण ओरडण्यात जोर नव्हता.

पुढं कुंदाच्या मरणाची चौकशी झाली. मी पाहिलं ते सांगितलं. बाकीच्या बायांनी आठवत नाही असं सांगितलं. एकीनं मला वाटेत गाठून म्हटलं, "आमाले ड्युटी पाहिजे ना वो." तिचा दोष नाही, असं लिहायला हवं. पण मी तिला दोष देते. पॉइंटवरून फोन बंद केल्याबद्दल सरांनी मला बराच काळ ड्युटी लावली नाही. सर पुढं हार घालून निवृत्त झाले. सत्काराचं बोलावणं मलाही आलं होतं. मी गेले नाही. कुंदाच्या घरी ते एकदाही गेले नाहीत.

पळसाच्या बिया तयार झाल्या की मी आता सुगनाबाईकडं जाते. तिला नीट दिसत नाही, म्हणून साली मी काढते. सिस्टरही अधूनमधून येते आणि गोळ्या ठेवून जाते. सुगनाबाई आधी गोळीच देते.

मागच्या पावसाळ्यात आम्ही दारात बिया निवडत बसलो होतो. लक्षीबाई आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. कुंदाची पोरगी तिच्या पुढं होती. पोट फुगलेलं, चेहरा पिवळा.

"कच्चे तांदूर खाऊन राहिली," लक्षीबाई भिंतीकडं पाहत म्हणाली.

सुगनाबाईनं पुडीला हात लावला नाही. गोळीलाही नाही. तिनं पोरीला जवळ ओढलं, हाताची पालथी बाजू तिच्या कपाळावर ठेवली, मग गळ्याशी.

"ताप हाय का बाई तुले?"

"नाही," पोरगी म्हणाली.

"खरं सांग. भेऊ नोको. हाय का?"

"नाही वो आजी."

तरी तिनं हात बराच वेळ तसाच ठेवला. लक्षीबाई आता भिंतीकडं पाहत नव्हती, त्या हाताकडं पाहत होती.

मी मान खाली घातली. पोरीच्या पायांत काळे बूट होते, फार मोठ्या मापाचे. चिखलानं भरलेले. लेस घोट्याभोवती दोनदा गुंडाळून बांधली होती.