पायाळूची लाथ आणि सुमनबाईंची कंबर

मंडळी, दोन तास झाले, तरी किळस जात नाहीये.

मी सिहोऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आणि मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळूची लाथ बसली की कमरेतली चमक जाते, असं आमच्याकडे मानतात.

आज शाळेतून येताना शेजारच्या भाऊजींनी थांबवलं. त्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू आहे. मजुरीला आलेल्या सुमनबाई कडेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पालथ्या पडून कण्हत होत्या.

"म्याडम, इच्या कमरेत चमक भरली. एक लात हाना, आताच रोवाले लागते."

मी म्हटलं, "भाऊजी, आठ दिवस वाकून राहिली ती. कमरेचे स्नायू आखडले, त्यायले सैल व्हाले वेळच नाही भेटला. लातीनं अजून दुखावतीन. दोन दिवस आराम द्या."

"दोन दिवस? मंग रोवणा कोन करन?"

तेवढ्यात सुमनबाईच म्हणाल्या, "मारा वो म्याडम. नाही तं उद्या दुसरीले बोलावतीन."

मी नाही मारली. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि परत चिखलात वाकल्या.

याच भाऊजींचा बैल गेल्या आठवड्यात लंगडत होता. "मुका जीव हाय, आराम पायजे," म्हणून चार दिवस गोठ्यात ठेवला, रोज तेलानं पाय चोळला.

त्या बैलाले लात माराले मले काहून नाही बोलावलं, सांगा बरं?