ट्रे जिच्या हातात

माझ्या मावशीने जन्मात एकदाच लांबची सुट्टी काढली, तीही सूड उगवायला. लोक समुद्र बघायला जातात, ती एका माणसाचं वाटोळं बघायला गेली. मला सोबत नेलं, कारण त्या कामाला सोळा वर्षांची मुलगी लागणार होती आणि घरात तेवढ्या वयाची मी एकटीच होते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. घरात तिला सगळे 'तोफ' म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. ती एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करते. रुग्णांचे ट्रे खोलीखोलीत पोचवायचे आणि रिकामे गोळा करून आणायचे, हे तिचं काम. ट्रे उचलण्याआधी ती प्रत्येक वाटीचं झाकण काढून वास घेते. नव्या मुली फिदीफिदी हसतात. मला कारण ठाऊक आहे, म्हणून मी कधी हसले नाही.

तरुणपणी ती मोठ्या प्रवासी जहाजावर होती. तिथल्या लाउंजमध्ये, म्हणजे मऊ खुर्च्या, पियानो आणि एका बाजूला लांबलचक बार असलेल्या दिवाणखान्यात, ती पेयं वाढायची. आता अशा ठिकाणी अडनिड्या वयाच्या पोरांना येऊ देतात का? देतात आणि देतही नाहीत. दिवसा आईबापांबरोबर खुशाल या, खुर्चीत बसा, सरबत प्या. फक्त बारच्या उंच स्टुलावर चढायचं नाही. आणि संध्याकाळी टेबलांवरचे छोटे दिवे लागले की उठायचं. जगातली प्रत्येक आई दिवेलागणीला पोरांना घरात ये म्हणून हाका मारते, इथे दिवे लागले की पोरं बाहेर! दारू तर त्यांना कधीच नाही. प्रत्येक प्रवाशाच्या कार्डावर वय नोंदलेलं असतं; त्यांचं कार्ड बारच्या यंत्राला टेकवलं की लाल दिवा लागतो आणि बाटल्यांचं कपाट उघडतच नाही. वाढणाऱ्या मुलीने ठरवलं तरी तिला चूक करता येत नाही. ती सोय फक्त एका माणसाला होती, लाउंजच्या मुख्याला. यंत्राला बगल देऊन कपाट उघडायची किल्ली त्याच्याकडे असायची.

या मुख्याला नोकर मंडळी 'अत्तर' म्हणायची, कारण त्याच्याआधी त्याचा वास खोलीत यायचा. जिभेवर साखर आणि कमरेत कायमचा बाक. प्रवासी जरा नाराज दिसला की हा हातातलं टाकून धावायचा. एकदा एका बड्या प्रवाशाला हुक्की आली, की आपल्या पोराने आता आपल्याबरोबर बसून प्यावं. अत्तरने नाही म्हणायचं सोडून खांबाआड जाऊन स्वतःच्या हाताने सरबताच्या ग्लासात दारू ओतली, वर लिंबाची चकती लावली आणि ट्रे मावशीच्या हातात दिला. लिंबाची चकती म्हणजे सरबत, अशी तिथली खूण. मावशीने सरबत समजून नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी पोरगं उठलं आणि जिन्यावरून गडगडत जाऊन समोरचे दात पाडून बसलं. त्याच्या आईने जहाज डोक्यावर घेतलं.

चौकशीत अत्तर काय बोलला ते मावशीला पाठ आहे आणि तिच्यामुळे मलाही. "मी नको म्हणत होतो. या मुलीने माझं ऐकलं नाही." झालं. ट्रे जिच्या हातात, गुन्हा तिचा, हा जहाजावरचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत होते. किल्ली कोणाकडे असते, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. पोराचा बाप बायकोच्या धाकाने मूग गिळून बसला. तो एक शब्द बोलला असता तर मावशी वाचली असती, कारण प्रवासी बोलला की ते खरं आणि नोकर बोलला की तो कांगावा. पुढच्या बंदरात तिला बॅगेसकट उतरवलं.

नंतर एकाही जहाजाने तिला घेतलं नाही. तेही एकवेळ सोसलं असतं. पण घरी बातमी पोचली ती अशी, की हिने कुणाच्या तरी पोराला दारू पाजली. मामा, काकू, आत्या, सगळ्यांना चघळायला विषय मिळाला. आणि माझ्या आईने, सख्ख्या बहिणीने, मला कित्येक वर्षं मावशीकडे एकटीला राहू दिलं नाही. स्पष्ट कधी बोलली नाही. "आज नको गं, पुढच्या वेळी बघू," एवढंच. मावशी हसून बरं म्हणायची. मला आजही त्या "पुढच्या वेळी"चा संताप येतो. आई माझीच, पण खरं ते खरं.

मावशीने डूख धरला. तिला नोकरी परत नको होती, माफी नको होती. अत्तरला त्याच जागी, त्याच खोटेपणात चार लोकांसमोर पकडायचं आणि कोणी पकडलं हे त्याला कळलं पाहिजे, एवढीच तिची इच्छा. जहाजाच्या स्वयंपाकघरातली एक जुनी मैत्रीण तिला अधूनमधून फोन करायची. "अजून इथेच आहे गं तो," ती सांगायची. "आणि अजून तेच धंदे." मावशीने पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले. मी जेमतेम सोळाची झाले आणि तिने त्याच जहाजाच्या वरच्या मजल्यावरची खोली घेतली. आईने मला सोडावं म्हणून मी घरात अबोला धरला. शेवटी आई "जा" म्हणाली. तिलाही कुठेतरी टोचत असणार.

"खालची स्वस्तातली खोली का नाही घेतलीस?" मी विचारलं.

"खालच्या खोलीतल्यांचं ऐकून घेतात," मावशी म्हणाली. "वरच्यांचं मानतात. मला तिथे खरं बोलायचंय बाळा, आणि तिथे खरं बोलायला तिकीट लागतं."

सगळा बेत तिने मला सांगितला होता. ग्लास समोर आला की वास घ्यायचा, ओठाला लावायचा नाही आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं मला सगळ्यात अवघड, हे दोघींनाही ठाऊक होतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही लाउंजमध्ये गेलो. मावशीने अशी खुर्ची निवडली की खांबाची मागची बाजू नीट दिसावी. आधी वास आला, मग अत्तर. मी खुर्चीत मागे सरकले. आता हा ओळखणार! पण त्याने मावशीकडे बघून कमरेत वाकून स्वागत केलं आणि पुढच्या टेबलाकडे वळला. ओळखीची रेघसुद्धा उमटली नाही. मावशीचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

मी सरबत पीत होते. तेवढ्यात दिवे लागले आणि स्वारी परत आली. "छोट्या मॅडम, दिवे लागले हं. आता आम्हा म्हाताऱ्यांची वेळ." बोलायला गोड, पण उठवलंच की मला! कधी नव्हे तो माणूस नियमाने वागत होता. माझा विरस झाला.

मावशीने पर्स उचलली. "मागच्या जहाजावर हिला असं उठवलं नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "असो."

तो "असो" ऐकायला हवा होता तुम्ही. शिव्यांची लाखोली वाहिली असती तर अत्तरला चाललं असतं. "असो" त्याच्या वर्मी लागला. "मॅडम, तसं नाही... म्हणजे उद्या आपण..." म्हणत तो दारापर्यंत आमच्या मागे आला.

हा सापळा होता का? होता. पण उंदराच्या तोंडात कोणी खाऊ कोंबला नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशीही "नियम आहे मॅडम, माफ करा," एवढं म्हटलं असतं, तर मावशी हात हलवत घरी आली असती आणि तिची सगळी साठवण पाण्यात गेली असती. तो म्हणाला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी दिवे लागले तरी आम्हाला कोणी उठवलं नाही. उलट अत्तर आमच्याकडे वाकला. "आज छोट्या मॅडम बसणार. माझ्याकडून एक खास सरबत. आता काही त्या लहान राहिल्या नाहीत." डोळा मिचकावून तो खांबाआड गेला. मी बघितलं. त्याने किल्ली फिरवली, बाटली काढली, ओतली आणि लिंबाची चकती लावली. मावशीचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याने चुटकी वाजवून वाढणाऱ्या मुलीला बोलावलं आणि ट्रे तिच्या हातात दिला.

नवी मुलगी होती, विशीबाविशीची. हसून तिने ग्लास माझ्यासमोर ठेवला. मी वास घेतला. ते सरबत नव्हतं.

वरच्या मजल्याच्या पाहुण्यांची विचारपूस करायला पांढऱ्या गणवेशातल्या अधिकारीबाई रोज संध्याकाळी लाउंजमध्ये फेरी मारत. आमच्या टेबलाशी आल्या. "सगळं ठीक ना?"

"माझी भाची सोळा वर्षांची आहे," मावशी म्हणाली. "तिला हे काय दिलंय, जरा वास घेऊन बघता का?"

बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे कोणी आणलं?"

अत्तर धावतच आला. ग्लासकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, शेवटी त्या मुलीकडे बघितलं. विचार करायलाही थांबला नाही. "मी नको म्हणत होतो," तो म्हणाला. "या मुलीने माझं ऐकलं नाही."

शब्द न् शब्द तोच! चोर तो चोर, वर शिरजोर. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने टेबलाखाली माझा पाय दाबला, आणि चांगलाच दाबला.

"मी फक्त ट्रे आणला," मुलगी म्हणाली.

"तुला माहीत नाही, यांच्या कार्डावर दारू देत नाहीत?" बाईंचा आवाज चढला.

"माहीत आहे, पण मी नाही... मी फक्त ट्रे..." तिला रडू फुटलं. आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. पियानो थांबला. अत्तर मान हलवत उभा होता, जसं काही त्यालाच सगळ्यात जास्त दुःख झालं होतं. मावशी अजूनही गप्प होती. त्याचं खोटं पुरतं शिजू दे, कच्चं राहायला नको, असा तिचा हिशोब. त्या घटकेला मला मावशीचाही राग आला, हे सांगायला हवं. समोर एक मुलगी रडत होती आणि ही बसून बघत होती.

मग ती उठली. आवाज खाली आणायची तिला सवयच नाही.

"बाटली यांनी काढली. किल्ली यांनी फिरवली. ओतलं यांनी, त्या खांबामागे, आपल्या हाताने. चकती लावून ट्रे हिच्या हातात दिला. मी इथे बसून बघितलंय आणि माझ्या भाचीनेही बघितलंय. मी तुमची प्रवासी आहे. आता सांगा, कोणाचं खरं?"

अधिकारीबाईंनी पुरावा मागितला नाही. उलट प्रश्न केला नाही. त्यांनी अत्तरसमोर हात पुढे केला आणि म्हणाल्या, "किल्ली."

मला खरं तर उड्या मारायला हव्या होत्या, पण माझं डोकं भणाणलं. इतकं सोपं होतं हे? खोली वरच्या मजल्यावर असली की शब्द खरा होतो? मावशीचं अर्धं आयुष्य मातीत गेलं ते एवढ्यासाठी?

अत्तरने किल्ली दिली. सवयीने तेव्हाही तो कमरेत वाकला.

मावशी त्या मुलीजवळ गेली. "रडू नकोस. तुला आता कोणी हात लावत नाही."

मुलीने डोळे पुसले. "तुम्ही बघितलं होतं ना सगळं?" ती म्हणाली. "मग आधीच का नाही बोललात?"

तोफेने पर्स उचलली. आम्ही खोलीत आलो.

पुढच्या बंदरात अत्तरला उतरवणार, हे मैत्रिणीने स्वयंपाकघरातून कळवलंच. मावशी सकाळी लवकर तयार झाली आणि मला घेऊन खालच्या जिन्याशी, नोकर उतरतात त्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिची अर्धी इच्छा अजून बाकी होती.

तो आला. साधा शर्ट, हातात बॅग. वास नव्हता. आम्हाला बघून थांबला.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं मॅडम?"

"नीट बघ," मावशी म्हणाली. "मॅडम नाही. बघ नीट."

तो बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला आणि बॅग खाली टेकली. "तू...," तो म्हणाला. "तू ती पियानोच्या बाजूला वाढायचीस ती. लांब वेणीची. एक शब्द न बोलता रडत रडत उतरली होतीस."

मी मावशीकडे बघितलं. मावशीचे केस जन्मात कधी खांद्याखाली गेलेले नाहीत. आणि ती त्या जहाजावरून उतरली तेव्हा तिने जिन्यावर उभं राहून इतक्या शिव्या घातल्या होत्या, की मैत्रीण अजून त्यांची उजळणी करून हसते. लांब वेणीची ही कोणी वेगळीच होती. मावशीच्या आधीची की नंतरची, कोण जाणे, पण तिच्याही हातात याने असाच ट्रे दिला असणार. त्याला ती आठवत होती, मावशी आठवत नव्हती.

मला वाटलं, आता तोफ डागणार. स्वतःचं नाव त्याच्या तोंडावर फेकणार, त्याच्यासाठीच तर आली होती. तिचे ओठ हललेही. पण मग ती एक पाऊल पुढे झाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"हो," ती म्हणाली. "तीच मी."