घाटगाडीतला देव

काहीही नवीन दिसलं की आमचे सर त्यावर अंगठ्याचं नख ओढायचे. भिंत असो, दरवाजा असो, मालकाच्या नव्या गाडीचं बॉनेट असो. नख ओढायचं, वाकून बघायचं आणि म्हणायचं, "खोटं वाटतंय." मालकाच्या गाडीलाही हेच म्हणाले. ती तर थेट शोरूममधून आली होती!

असा एखादा नमुना तुमच्याही ऑफिसात असेल. बारकाव्याच्या नावाखाली सगळ्यांचा जीव खाणारा.

आमचं वर्कशॉप विक्रोळीला. मालाडपलीकडच्या एका पार्कातल्या राइड्ससाठी आम्ही फायबरचे डोंगर, झाडं, गुहा बनवायचो. सर डिझाइन करायचे, मी रंगवायचे. त्या वर्कशॉपात एक गोष्ट मला फार आवडायची. तिथे माणसाचा हात बघायचे, आडनाव नाही. आधीच्या नोकरीत डब्यात काय आहे इथपासून घरात देव्हारा आहे का इथपर्यंत माझ्या चौकशा झाल्या होत्या. इथे रंग जमला की विषय संपला. तेवढ्यासाठी मी सरांचं नख सहन केलं.

"लोकांना दिसत नाही गं, पण कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. राइडचं नाव घाटगाडी. छोटी आगगाडी, दोन बोगदे, शेवटी एकदम खोल उतार. गाडी सुसाट सुटलेली, लोक डोळे मिटून बोंबलतायत, आणि हे महाशय पुलाखालच्या बोल्टच्या गंजावर अडून बसणार!

"हा कोकणातला गंज झाला. मला घाटावरचा पाहिजे."

"सर, गंज तो गंज."

"खाऱ्या हवेचा गंज फुगतो. हा फुगलाय. पुसून टाक."

पुसला. पुन्हा चढवला, पुन्हा पुसला. शेवटी एकदाचा पसंत पडला, आणि मग सरांनी स्वतःच त्याच्यापुढे झुडूप लावलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

बोगद्यात वटवाघळांचा वास हवा, म्हणून सरांनी कुठल्याशा गुहेत जाऊन रुमालात माती बांधून आणली. आणली ती आणली, आम्हा सगळ्यांना हुंगायला लावली. आमचे सुतारकाका मालवणचे. ते नाक दाबून मला म्हणाले, "ह्येंका घरात कोण काय बोलना नाय?"

उताराच्या आधी, वळणावर, सरांना एक देव हवा होता. घाटात रस्त्याकडेला असतो तसा, शेंदूर फासलेला दगड. दगड फायबरचा. मीच घडवला, मीच रंगवला. आम्ही बौद्ध, आमच्या घरात शेंदूर कधी आला नव्हता, पण काम म्हटल्यावर शिकले. खाली सुकलेला हार, अर्धवट जळलेल्या उदबत्त्या आणि चिकटवलेली थोडी नाणी. नाण्यांची आयडिया सरांची. त्या दिवशी पहिल्यांदाच नख न ओढता ते म्हणाले, "झकास! एकदम खरा!" खोटं कशाला सांगू, मी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला.

राइड सुरू झाली आणि वाट लागली. घाटात देव दिसला की आपली माणसं काय करतात? हात जोडतात आणि गाडीतून नाणं टाकतात. त्यात आधीच पडलेली नाणी दिसल्यावर तर काय, जो तो खिसे चाचपायला लागला. एका रविवारी असंच एक नाणं रुळाच्या सांध्यात अडकलं आणि गाडी थांबली, तीही बरोब्बर देवासमोर. आतल्या बायकांनी घाबरायचं सोडून आरती सुरू केली. गुहेतली माती हुंगून आलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती!

मालकाचा फोन आला, "तो दगड आजच्या आज काढा, नाहीतर दुसरी नोकरी बघा." सर, सुतारकाका, वेल्डर आणि मी बंद राइडमध्ये त्या वळणावर जाऊन उभे राहिलो.

"काका, नुसते बोल्ट सोडवायचेत. काढा," सर म्हणाले.

काका मागे सरकले. "माका नको. लोकांनी हात जोडलेत त्येका."

वेल्डरची पाठ अचानक दुखायला लागली. सर खिशात हात घालून उभे. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"तू काढ ना. तुमच्यात चालतं."

किती सहज! ब्रश दे म्हणावं, तसं.

"तुमच्यात म्हणजे कुणात, सर?"

"अगं, म्हणजे... तुम्ही मानत नाही ना."

"मग तुम्ही मानता? मी माझ्या हाताने फायबर ओतलंय ह्यात!"

इथे माझा हात बघतात असं मी समजत होते. आडनाव सगळ्यांना पाठ होतं, फक्त गरज पडायची बाकी होती. मी काकांच्या पेटीतला पाना उचलून सरांच्या हातात दिला आणि बाजूला झाले. काकांनी आणि वेल्डरने मान खाली घातली.

सर पुढे झाले. थांबले. आणि त्यांनी बूट काढले! ग्रीस सांडलेल्या रुळांशेजारी, नुसत्या मोज्यांवर! बोल्ट सोडवले, दगड उचलला आणि छातीशी धरून उभे राहिले.

"ठेवा खाली," मी म्हणाले.

"जमिनीवर?" त्यांनी विचारलं.

मी मुद्दाम मोठ्याने हसले. मांडीवर तो दगड घेऊन ते रिक्षाने घरी गेले.

वळण रिकामं झालं आणि घाटगाडी पुन्हा सुरू झाली. ते वळण आता खोटं वाटतं, म्हणून सर मालकाशी भांडले आणि नोकरी सोडून गेले. वर्कशॉपात आता कुणी कशावर नख ओढत नाही. कामं भराभर होतात.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"अगं, त्या दगडाचं काय करू? बायको घरात घेऊ देत नाही, बाहेर टाकवत नाही. जिन्यात ठेवलाय, तर शेजारीण फुलं वाहते."

"मला काय विचारता? तुमच्यात काय करतात?"

ते म्हणाले, "तुला लागलं ना तेव्हा?"

"लागलं."

"मला बोलताना कळलंच नाही गं."

"माहितीय, सर. तेच जास्त लागलं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.