गाडी लागली
लिंबू चिरलं की मला ओमानमधल्या जबल अखदर डोंगराचा चढ आठवतो. पायथ्याचं निझवा शहर सोडलं तेव्हा अंग भाजत होतं, वर मात्र वळणावळणाला वारा गार होत गेला. बायकोचा चेहरा उतरला म्हणून मी कठड्याशी गाडी थांबवली. ती दगडावर बसून लिंबाची साल हुंगू लागली. "आईला काय झालं?" मुलीने विचारलं. "गाडी लागली," मी म्हणालो. शाळेत दिवसभर इंग्रजीच बोलणारी ती चिमुरडी घाबरली, "कुठे लागली?" म्हणत आईच्या गुडघ्यांवर फुंकर घालू लागली. बायको इतकी हसली की मळमळ विसरली. आता गाडी मुलगी चालवते. घाट सुरू झाला की वेग कमी करून विचारते, "आई, कुठे लागली?" मागून उत्तर येतं, "गुडघ्याला."