दादारावांचा आवाज

दादाराव गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत व्हॅक्यूम पंप दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी म्युनिकच्या आसपासच्या मराठी बौद्धांची लग्नं लावतात, बाळांची नावं ठेवतात, कुणाचं कुणी गेलं तर पुण्यानुमोदन करतात. पगार पहिल्या कामाचा मिळतो, जीव मात्र दुसऱ्यात अडकलेला.

तरुणपणी परभणीजवळच्या शिबिरात ते असे विधी करणारे बौद्धाचार्य झाले. ही विद्या जर्मनीत लागेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिलं बोलावणं आलं उंटरश्लाइसहाइमहून, केतन नावाच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या मुलीच्या नामकरणाचं. दादारावांनी हौसेने अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला, तोही नेमका राउखमेल्डरखाली, म्हणजे धूर झाला की ओरडणाऱ्या यंत्राखाली. छतावरचं ते यंत्र असं कोकललं की वरच्या मजल्यावरची आजी अनवाणीच धावत आली. नीलाताईंनी, म्हणजे दादारावांच्या बायकोने, तिच्या हातात खिरीची वाटी ठेवली आणि प्रकरण मिटवलं. त्या दिवसापासून दादाराव बॅटरीवरच्या मेणबत्त्या वापरतात.

त्यांची पद्धत ठरलेली. वंदनेची एक ओळ आपण म्हणायची, मग सगळ्यांनी मागून म्हणायची. कुणी नुसतं पुटपुटलं की तीच ओळ पुन्हा. आपसांत जर्मन बोलणाऱ्या पोरांनाही यातून सुटका नाही. केतन वैतागायचा, "काका, हॉल चारपर्यंतच आहे, हं!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," दादाराव म्हणायचे. "म्हणून नीट म्हणा."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधीच निघाली, पण आवाज बसला तो बसलाच. येईल, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि मे महिन्यात तर धम्मदीपाचं लग्न होतं. ही पोरगी नांदेडहून संशोधनासाठी एकटी आलेली, संस्थेच्या कँटीनमध्ये भेटली आणि तेव्हापासून दर रविवारी हक्काने यांच्या घरी जेवणारी. लग्न काकांनीच लावायचं, हे नवरा ठरायच्या आधीच तिने ठरवून टाकलं होतं.

दादारावांनी तिला घरी बोलावलं. "फ्रँकफुर्टहून कुणाला तरी बोलाव," ते कुजबुजले. "माझ्यामुळे तुझ्या लग्नाचा विचका नको."

"मग लग्न पुढे ढकलते."

"वेडी का गं तू?"

"अहो, ती ऐकायची नाही," नीलाताई म्हणाल्या. "जाऊन उभे तरी राहा."

ते उभे राहिले. पांढरे कपडे, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, शेजारी नवरा-नवरी. हात जोडून त्यांनी "नमो तस्स" म्हटलं आणि तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. नांदेडहून आलेल्या नवरीच्या आईने मान खाली घातली. दादारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या लेकीने एवढा भरवसा टाकला, तिच्याच लग्नात आपला गळा दगा देतोय.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला. केतनची मुलगी ईप्सिता, आता कॉलेजात जाणारी, खणखणीत आवाजात तीच ओळ म्हणत होती. दुसऱ्या ओळीला शेजारची पोरं मिळाली, तिसऱ्या ओळीला सगळा हॉल. इतकी वर्षं मागून म्हणणाऱ्यांना सगळं तोंडपाठ होतं, फक्त पुढे म्हणायची वेळ कधी आली नव्हती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. लग्नाच्या प्रतिज्ञासुद्धा हॉलने सांगितल्या आणि नवरा-नवरीने मागून म्हटल्या. धम्मदीपा रडत होती आणि हसतही होती.

दादाराव हात जोडून एकेक ओळ लोकांच्या मागून म्हणत होते, ओठांतल्या ओठांत. परभणीचं शिबिर सुटल्यापासून त्यांना कुणी असं पुढे म्हणून शील दिलं नव्हतं, सगळ्यांना देणारे तेच होते. आज मिळत होतं, तेही पोराबाळांकडून. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत. आवाज आता परत आला नाही तरी चालेल, असं त्यांना वाटलं.